चांद, चेक आणि शेअर बाजाराची सुटी

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. अलविदा जुम्मा होता, २८ मार्च. नमाज झाल्यावर मशिदीच्या पायऱ्यांवर माझा मामेभाऊ भेटला. त्याची धानाची शेती आहे आणि सहकारी सोसायटीचं पीक कर्ज आहे. ते वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते आणि त्याची मुदत मार्चअखेर. बाजूला टाकलेले थोडे शेअर त्याने सकाळीच विकले होते. मला म्हणाला, "भाई, आज बेचे तो कल पैसे आ जाते ना? कल शनिवार है, तो सोमवार पकड़ लो."

मी मान डोलावली. मलाही तसंच वाटत होतं. शेअर विकल्यावर दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात, एवढंच दोघांना माहीत.

पैसे आले बुधवारी, २ एप्रिलला. शनिवार-रविवार बाजार बंद. सोमवारी ईद. मंगळवारी, १ एप्रिलला, बाजार चालू होता, मोबाईलवर भाव हलताना दिसत होते, पण बँकांचा वार्षिक हिशेबाचा दिवस असल्यामुळे पैशांची देवघेव बंद. मार्च महिना संपून गेला होता. त्याने शनिवारीच सासऱ्यांकडून उसने घेऊन कर्ज भरलं म्हणून सवलत वाचली. ईदच्या दिवशी शिरखुर्मा पिताना सासऱ्यांसमोर त्याची मान खाली होती. माझी त्याहून जास्त, कारण शिकलेला माणूस म्हणून त्याने मलाच विचारलं होतं.

तेव्हापासून मी हा विषय धरून बसलो. बाजार बंद कधी असतो, हे कोण ठरवतं? सौदा झाला आणि पैसे मिळाले, यांत अंतर का असतं? शोधता शोधता मी दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे गेलो. त्या इतिहासात आपल्या विदर्भाचा कापूस आहे, इंग्रजांचा कायदा आहे, दिवाळीचं वहीपूजन आहे आणि आपला ईदचा चांदही आहे.

बोली आणि उचल

आलापल्लीच्या माणसाला ही गोष्ट समजवायला शेअर बाजाराची गरज नाही, लाकडाचा डेपो पुरे. सागवानाच्या लिलावात बोली तुमच्या नावावर सुटली म्हणजे लाकूड तुमचं झालं, असं कोणी समजत नाही. ठरलेल्या मुदतीत पैसे भरायचे, वाहतुकीचा पास घ्यायचा, मग लॉट उचलायचा. बोली एका दिवशी, उचल दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात लाकूड जागेवरच पडून असतं आणि चिंता दोघांनाही असते, विकणाऱ्याला पैशाची आणि घेणाऱ्याला मालाची.

शेअर बाजारातही हेच. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळात होते ती बोली. त्यानंतर पैसा एका बाजूने आणि शेअर दुसऱ्या बाजूने हातात पडतात ती उचल. तिला सेटलमेंट म्हणतात, जुने दलाल 'वलण' म्हणत. आपण सगळे बोलीच्या पडद्याकडे बघत बसतो. पण बाजार वलणाच्या दिवशीही कोसळू शकतो. मुंबईने हे फार लवकर आणि फार महाग शिकून घेतलं.

१ जुलै १८६५

१८५० च्या दशकात मुंबईचे शेअर दलाल टाउन हॉलसमोर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या भागात, वडाच्या झाडाखाली जमत. १८६० मध्ये त्यांची संख्या साठच्या आसपास होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. वऱ्हाडचा कापूस आणि वर्धा खोऱ्यातला, हिंगणघाटच्या पेठेतला कापूस तेव्हा नावाजलेला होता. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. तोपर्यंत गाठोडी बैलगाड्यांवरून रेल्वेच्या टोकापर्यंत जात होती.

कापसाच्या बदल्यात मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. दलालांची संख्या अडीचशेपर्यंत गेली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे.

या उधाणात बहुतेक सौदे वायद्याचे होते. आज भाव ठरवायचा आणि पैसे व शेअर पुढच्या एका तारखेला द्यायचे. असंख्य वायद्यांची ती तारीख एकच होती, १ जुलै १८६५. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, कापसाचा भाव कोसळला. पण खरा कडेलोट झाला तो १ जुलैला. त्या दिवशी प्रत्येकाला कोणाकडून तरी येणं होतं आणि कोणाला तरी देणं होतं. पहिल्याने दिलं नाही म्हणून दुसऱ्याला देता आलं नाही, दुसऱ्याने दिलं नाही म्हणून तिसरा बुडाला. शहरातली मोठमोठी घराणी दिवाळखोरीत गेली. बँक ऑफ बॉम्बे, जिच्यात सरकारचाही हिस्सा होता, ती पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

मी वर्गात अमेरिकन यादवी युद्ध शिकवतो तेव्हा लिंकन आणि गुलामगिरी सांगतो. आता हिंगणघाटचा कापूस आणि १ जुलैही सांगतो. मुलांना कळतं की देणं चुकवायची तारीख ही कॅलेंडरवरची साधी तारीख नसते.

दहा वर्षांनी नियम

या पडझडीतून उरलेले दलाल एकत्र आले. ९ जुलै १८७५ रोजी 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' स्थापन झाली. ३१८ सभासद आणि प्रवेश फी १ रुपया. हीच आजची बीएसई. जिथे ते जमू लागले त्या गल्लीला दलाल स्ट्रीट नाव पडलं. सभासद कोण, सौदा कधी, वलण कधी, बाजार बंद कधी, हे आता एकेकट्याच्या मर्जीवर राहिलं नाही, संघटनेच्या नियमात आलं.

मुंबईचा व्यापार कोणा एका जमातीचा कधीच नव्हता. गुजराती वाणी आणि जैन, भाटिया, पारशी, आणि आपल्यातले बोहरा, खोजा, मेमन. त्यामुळे मुंबईच्या पेठेत एकाच वेळी अनेक दिनदर्शिका नांदत. गुजराती व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होई, पारशाचं पतेतीनंतर, सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिलला, आणि आपलं हिजरी वर्ष तर दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येई.

दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या सुरू करायच्या, हा त्यातला सर्वांत बळकट रिवाज. त्याचीच आठवण म्हणून बीएसईत १९५७ पासून मुहूर्ताचे सौदे होतात. दिवसभर बाजार बंद आणि शुभ वेळी तासभर चालू. ही वेळ बहुधा संध्याकाळची असते, २०२५ मध्ये मात्र २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन ठेवली होती. सुटीच्या दिवशी बाजार उघडतो तो एवढाच एक नेमाचा प्रसंग. त्या तासातला सौदाही खराच असतो, त्याचं देणंघेणं चुकत नाही. हौस म्हणून शकुनाचे दोन शेअर घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

१८८१ चा कायदा

आता आपण मूळ प्रश्नावर येतो. सुटी कोण ठरवतं?

याचं उत्तर एका जुन्या कायद्यात आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१. मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम. चेक परत गेला की ज्या कलम १३८ खाली खटला होतो, तो हाच कायदा. त्याच्या कलम २५ मध्ये सार्वजनिक सुटी म्हणजे काय ते सांगितलं आहे. रविवार, आणि सरकार राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर करील ते दिवस. आज महाराष्ट्र शासन दरवर्षी या कलमाखाली सुट्यांची यादी काढतं आणि राज्यातल्या बँका त्या यादीप्रमाणे बंद राहतात. आपल्या शाळेच्या नोटीस बोर्डावर लागणाऱ्या यादीच्या मुळाशीही हेच कलम आहे.

त्या कलमातली खरी गंमत पुढे आहे. एखाद्या हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे? आपल्याला वाटेल, दुसऱ्या दिवशी. कायदा म्हणतो, नाही, आधीच्या कामाच्या दिवशी. मुदत मागे सरकते. देणेकऱ्याला सुटीचा फायदा मिळत नाही.

शेअरच्या वलणात नेमकं उलटं होतं. विकलेल्या शेअरचे पैसे मिळण्याचा दिवस सुटीवर आला तर तो पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. माझ्या मामेभावाला दोन्ही बाजूंनी मार बसला तो इथेच. त्याला जे द्यायचं होतं त्याची तारीख पुढे जाणारी नव्हती आणि त्याला जे मिळायचं होतं ते मात्र पुढे पुढे जात राहिलं. देणं मागे सरकतं आणि येणं पुढे सरकतं. मार्चअखेर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य लिहून ठेवावं.

आठवड्याचं वलण, मग एका दिवसाचं

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये शेअरच्या करारांचा कायदा आला आणि १९५७ मध्ये बीएसईला त्याखाली मान्यता मिळाली. पण वलणाची जुनी रीत पुढे बरीच वर्षं चालली. ठरावीक काळातले सगळे सौदे एकत्र करून एकदम हिशेब व्हायचा. ज्याला पैसे द्यायचे नसतील तो 'बदला' देऊन, म्हणजे व्याजासारखी रक्कम मोजून, सौदा पुढच्या वलणावर ढकलायचा. १ जुलै १८६५ पासून लोकांनी धडा घेतला नव्हता असं नाही, पण देणं पुढे ढकलण्याचा मोह जुना आहे.

१९९२ मध्ये सेबीला कायद्याने अधिकार मिळाले. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसईवर शेअरचे सौदे सुरू झाले. तेव्हा बीएसईचा वलणाचा आठवडा सोमवार ते शुक्रवार आणि एनएसईचा बुधवार ते मंगळवार होता. त्यामुळे एका बाजारात घेऊन दुसऱ्यात विकत राहायचं आणि पैसे न देता दिवस काढायचे, असा खेळ चाले. १९९६ मध्ये डीमॅट आलं आणि कागदाची प्रमाणपत्रं टपालाने पाठवण्याचं दुखणं संपायला लागलं. जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला.

त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या सौद्याचं वेगळं वलण सुरू झालं. आधी सौद्यानंतर पाच कामाचे दिवस, एप्रिल २००२ पासून तीन, एप्रिल २००३ पासून दोन. फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने एक दिवस, ज्याला टी+१ म्हणतात, आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना तोच नियम. अमेरिका टी+१ वर आली मे २०२४ मध्ये. या बाबतीत आपण पुढे आहोत. २८ मार्च २०२४ पासून निवडक २५ शेअरसाठी त्याच दिवशी वलण करण्याचा प्रयोगही सुरू झाला.

दिवस कमी झाले, तसा एकेका सुटीचा धक्का मात्र जास्त जाणवू लागला. पाच दिवसांच्या वलणात एखादी सुटी आली तर कोणाला फरक पडत नसे. एका दिवसाच्या वलणात सुटी आली की वाट पाहणं एकदम दुप्पट होतं. आणि सलग तीन-चार बंद दिवस आले की 'उद्याचे पैसे' पुढच्या आठवड्यात जातात.

दोन याद्या

माझी आणि माझ्या मामेभावाची चूक साधी होती. आम्ही एकच यादी पाहिली होती, आणि याद्या दोन असतात.

पहिली यादी सौद्यांच्या सुट्यांची. त्या दिवशी बाजारच बंद. दुसरी वलणाच्या सुट्यांची. त्या दिवशी बाजार चालू, पण बँका बंद असल्यामुळे पैसा आणि शेअर हलत नाहीत. उदाहरणार्थ १९ फेब्रुवारी, शिवजयंती. महाराष्ट्रात बँका बंद, शेअर बाजार चालू. त्यामुळे २०२५ मध्ये १८ फेब्रुवारीचे आणि १९ फेब्रुवारीचे, दोन्ही दिवसांचे सौदे २० तारखेला एकत्र चुकते झाले. १ एप्रिलही या दुसऱ्याच यादीतला.

आता मार्च २०२५ चा हिशेब उलटा करून पाहू, शाळेत गणिताचं उत्तर पडताळून पाहतो तसा. शनिवारी, २९ मार्चला बँक चालू होती, कारण तो महिन्यातला पाचवा शनिवार होता. शनिवारी कर्ज भरायचं तर पैसे शुक्रवारी हाती हवेत. शुक्रवारी वलण हवं तर गुरुवारी विक्री हवी. आणि दलालाच्या खात्यातून आपल्या बँकेत रक्कम यायला लागणारा वेळ धरला तर बुधवारी, २६ तारखेला विकलं असतं तर निश्चिंत. अलविदा जुम्म्याची वाट पाहिली नसती तर सासऱ्यांकडे जावं लागलं नसतं.

चांदाचा हिशेब

कुरआन शरीफात चंद्राच्या कलांबद्दल सांगितलं आहे की त्या लोकांना वेळा ठरवायला आणि हजला उपयोगी पडतात. म्हणजे चांद हा आपल्यासाठी आधीपासून हिशेबाचं साधन आहे. त्याच सूरे बकरात, कुरआनातल्या सर्वांत लांब आयतीत, मुदतीचं देणं लिहून ठेवावं आणि साक्षीदार घ्यावेत असं सांगितलं आहे. देण्याची मुदत आणि चांद, दोन्ही आपल्या दीनमध्ये शेजारी शेजारी आहेत.

पण छापील यादी डिसेंबरमध्ये निघते आणि चांद त्याच्या वेळेला दिसतो. २०२५ मध्ये यादीत ईद ३१ मार्चला होती. ३० तारखेच्या संध्याकाळी चांद दिसला आणि यादी बरोबर निघाली. नसता दिसला तर ईद मंगळवारी गेली असती. रमजान ईदचं नक्की ठरतं एक रात्र आधी. बकरी ईदचं तसं नाही, जिलहिज्जाचा चांद दिसल्यावर दहाव्या दिवशी ईद, म्हणून नऊ-दहा दिवस आधी पक्की तारीख कळते.

तरीही जून २०२३ मध्ये घोटाळा झाला. यादीत बकरी ईद २८ जूनला, बुधवारी होती. चांदाप्रमाणे ती आली २९ जूनला, गुरुवारी. महाराष्ट्र शासनाने सुटी बदलली, मग शेअर बाजारांनीही ऐन वेळी सुटी २८ वरून २९ वर नेली. त्या वेळी निफ्टीचे महिन्याचे वायदे शेवटच्या गुरुवारी संपत असत आणि तो गुरुवार नेमका २९ जून होता. मग वायद्यांची शेवटची तारीख एक दिवस मागे, २८ जूनला आणली गेली. १८८१ च्या कायद्याचीच रीत, मुदत सुटीवर आली की मागे सरकते. ज्यांनी बुधवारी सुटी आणि गुरुवारी शेवटचा दिवस असं धरलं होतं, त्यांच्या हातातला एक दिवस गेला.

त्याच २९ जूनला आषाढी एकादशी होती, आणि महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवसांत करायचं ठरवलं. कुर्बानीला तीन दिवस असतात, त्या मुभेचा शेजाऱ्याच्या उपवासासाठी उपयोग केला.

ईद-ए-मिलादचं तर तीन वर्षं लागोपाठ असंच झालं. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने २९ ला सुटी दिली. २०२४ मध्ये मिलाद १६ सप्टेंबरला आणि गणपती विसर्जन १७ ला. जुलूस १८ ला नेण्याचं ठरलं, मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांतली सुटी १८ ला गेली आणि तिच्या मागोमाग वलणाची सुटीही १६ वरून १८ ला गेली. २०२५ मध्ये मिलाद ५ सप्टेंबरला, विसर्जन ६ ला, मुंबईतली सुटी ८ ला. इतर जिल्ह्यांत ५ तारीखच कायम.

मला या गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. मोहल्ला कमिटीच्या बैठकीत चार वडीलधारे ठरवतात की यंदा विसर्जनाच्या गर्दीत जुलूस नको, दोन दिवसांनी काढू. त्या समजूतदारपणापोटी देशभरातल्या लाखो सौद्यांच्या वलणाची तारीख बदलते. कोणी त्याची बातमी करत नाही. बातमी झाली तर एवढीच की सुटी बदलली.

मुंबईची सुटी आणि आलापल्लीची सुटी

वरच्या हकिकतीत एक गोष्ट दडलेली आहे. बाजार देशाचा असला तरी त्याची सुटी मुंबईची असते. ५ सप्टेंबर २०२५ ला आलापल्लीत मिलादची सुटी, मुंबईत ती सोमवारी.

निवडणुकीतही तेच. गडचिरोली-चिमूर मतदारसंघाचं लोकसभेचं मतदान पहिल्या टप्प्यात, १९ एप्रिल २०२४ ला झालं. आमच्यातले निम्मे शिक्षक मतदान केंद्रांवर होते. शेअर बाजार चालू होता. मुंबईचं मतदान २० मे रोजी झालं, त्या दिवशी बाजार बंद होता आणि आमच्याकडे रोजचा दिवस होता. विधानसभेचं मतदान, २० नोव्हेंबर २०२४, सगळ्या राज्यात एकाच दिवशी होतं म्हणून तेव्हा सुटी सारखी आली.

यादी जाहीर झाल्यावरही बदलते, याचं दुसरं मोठं उदाहरण २२ जानेवारी २०२४. अयोध्येतल्या राम मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेसाठी महाराष्ट्र शासनाने आदल्या शुक्रवारी सोमवारची सुटी जाहीर केली. बाजार सोमवारी बंद राहिला आणि त्याऐवजी शनिवारी, २० तारखेला, पूर्ण वेळ चालला. त्या मंदिराच्या दारांसाठी सागवान २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या डेपोतून, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून गेलं होतं. आमच्या जंगलाचं लाकूड आणि मुंबईच्या बाजाराची सुटी अशी एका जागी भेटली.

कब्जा

मशिदीत हा विषय निघाला की कोणी तरी विचारतंच, "सर, शेअर जायज है क्या?" मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. एवढं सांगतो की अनेक उलेमांनी शेअर घेणं काही अटींवर जायज मानलं आहे. धंदा हलाल हवा, कंपनीचं व्याजी कर्ज मर्यादेत हवं. आणि एक अट वलणाशी जोडलेली आहे, ती म्हणजे कब्जा. धान्य ताब्यात आल्याशिवाय पुढे विकू नका, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची शिकवण हदीसमध्ये आहे. त्यावरून अनेक उलेमा म्हणतात, शेअर डीमॅट खात्यात जमा होईपर्यंत विकू नये.

मग वलणाची सुटी ही आपल्यासाठी पैशाइतकीच दीनचीही बाब होते. मंगळवारी घेतलेला शेअर नेहमी बुधवारी जमा होतो. पण बुधवारी शिवजयंती असेल तर तो गुरुवारी जमा होणार. बुधवारी बाजार चालू असल्यामुळे मोबाईल विकण्याचं बटण दाखवील, पण शेअर अजून आपल्या कब्ज्यात नाही. असं विकण्यात दुनियेचीही जोखीम आहे. ज्याच्याकडून आपण घेतला त्याने शेअर दिलाच नाही तर आपलाही सौदा अडतो आणि भुर्दंड बसतो.

जुम्म्याच्या अजानीनंतर व्यापार सोडून नमाजला या आणि नमाज झाल्यावर जमिनीवर पांगून अल्लाहचा फजल शोधा, असं सूरे जुमुआत सांगितलं आहे. सौदी अरेबियाचा बाजार शुक्रवारी बंद असतो, पाकिस्तानात शुक्रवारी नमाजसाठी मध्ये खंड ठेवतात, अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवारची सुटी घेतली. आपल्याकडे बाजार शुक्रवारी नेहमीसारखा साडेतीनपर्यंत चालतो. त्या तासाला मोबाईल बंद ठेवणं एवढं तर आपल्या हातात आहे.

हे आता का सांगायचं

काही वर्षांपूर्वी हा लेख आलापल्लीत लिहिला असता तर लोक हसले असते. आज परिस्थिती वेगळी आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज निघतं, ते काढणारी कंपनी शेअर बाजारात आहे. १ जानेवारी २०२५ ला कोनसरीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते कामगारांना, त्यांत शरण आलेल्या नक्षलवाद्यांनाही, कंपनीचे शेअर दिले गेले. जिथे बाजार म्हणजे आठवडी बाजार होता, तिथे घराघरात डीमॅट हा शब्द आला आहे. तरुण पोरं मोबाईलवर वायदे खेळतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला हिशेब सांगतो की तीन वर्षांत वायदे-ऑप्शन खेळणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे गमावले. त्या पोरांना मी १ जुलै १८६५ ची गोष्ट सांगतो. किती ऐकतात ते अल्लाह जाणे.

ज्यांच्याकडे थोडे शेअर आहेत आणि ते अडीनडीला विकायचे आहेत, त्यांच्यासाठी सार एवढंच. दोन्ही याद्या बघा. पैसे ज्या दिवशी लागणार तिथून उलटे कामाचे दिवस मोजा आणि दोन जास्त धरा. चांदावर अवलंबून असलेला सण जवळ असेल तर आणखी एक धरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर कुठलंही देणं टांगून ठेवू नका.

मामेभावाच्या घरी आता भिंतीवर दोन कॅलेंडर आहेत. एक कालनिर्णय, एक मदरशाचं हिजरी. कालनिर्णयवर त्याने लाल पेनने बाजाराच्या सुट्यांना गोल केलं आहे आणि निळ्या पेनने वलणाच्या. पुढच्या मार्चच्या पानावर २० तारखेला लिहून ठेवलंय, 'सोसायटी'. मी पाहिलं तेव्हा म्हणाला, "भाई, इस बार ससुरजी को सिर्फ़ ईद मुबारक बोलना है."